रजेवरचा कॅप्टन

माणूस निःस्वार्थीपणाच्या कोणत्या शिखरावर पोचू शकतो हे ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल, त्याने लोस माकीसच्या बंबखान्यात यावं. आमच्या चिलेत आग विझवणाऱ्याला पगार नसतो. उलट आग विझवायला मिळावी म्हणून तोच दरमहा वर्गणी भरतो. असा त्याग पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे सापडायचा नाही. फक्त मंगळवारी येऊ नये. मंगळवारी संध्याकाळी बंब बाहेर पावसात उभा असतो आणि आत झुंबाचा वर्ग चालतो, कारण झुंबावाल्या बायका तासाला दहा हजार पेसो देतात आणि बंब काहीच देत नाही.

मी ओनोफ्रे, या दुसऱ्या कंपनीचा, म्हणजे बंबवाल्यांच्या दुसऱ्या तुकडीचा, चिटणीस. पहिली कंपनी आता नाही. होती, पण एकसष्ट साली तिचा बंबखानाच जळाला आणि विझवायला आमचे लोक उशिरा पोचले, म्हणून त्या विषयावर आम्ही फार बोलत नाही.

सरकार वर्षाकाठी जे देतं ते डिझेलात आणि विम्यात जातं. बाकीचं आम्ही उभं करतो. हिवाळ्यात सॉसेज घातलेले पाव विकतो, सप्टेंबरात कोकराची सोडत काढतो. मागच्या सोडतीत कोकरू आमच्या कॅप्टनच्याच सासऱ्याला लागलं, तेव्हापासून तिकिटं खपवताना लोक आमच्या डोळ्यांत जरा जास्त वेळ बघतात. आणि मग वर्गणी. माणशी महिना पाच हजार. वर्गणी थकवणं हा आमच्याकडे गुन्हा नाही, स्वभाव आहे. भोंगा वाजला की मध्यरात्रीसुद्धा तीन मिनिटांत सगळे हजर. वर्गणी म्हटलं की आठ-आठ महिने कोणी रस्त्याच्या त्या बाजूने जात नाही.

अपवाद एकच, तो म्हणजे एलिसेओ बार्रिया. एलिसेओची वर्गणी एकवीस वर्षांत एकदाही थकली नाही. एलिसेओ या एकवीस वर्षांत इथे नव्हता, ही गोष्ट वेगळी.

एलिसेओ हा आमचा खजिनदार साबिनो याचा एकुलता एक मुलगा आणि माझा धर्मपुत्र; बाप्तिस्म्याला मी त्याचा पाद्रिनो, धर्मपिता, होतो, म्हणून साबिनो आणि मी एकमेकांचे कोंपाद्रे. आमच्या खाडीत सॅमन माशांची शेती करायला नॉर्वेचे लोक आले. त्यांनी मासे इकडे आणले आणि जाताना पोरं तिकडे नेली. एलिसेओ तेव्हा तेवीस वर्षांचा होता. जाताना त्याने कंपनीकडे रीतसर सहा महिन्यांची रजा मागितली. मीच ती मंजूर केली, शिक्का मारला. नॉर्वेत त्याला काम मिळालं, मग घर, मग इंगुन्न नावाची बायको, मग दोन मुलं. रजा तशीच राहिली. दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा आमच्या सभेच्या दिवशी तो बायकोपोरांना ज्वालामुखी दाखवायला गेला होता.

आमच्या घटनेत एकतिसावं कलम आहे. रजेवरचा स्वयंसेवक जोवर वर्गणी भरतो तोवर त्याचं नाव हजेरीपटावर राहतं; सलग तीन महिने थकली की नाव खोडायचं. रजा किती वर्षांची असावी हे मात्र घटनाकारांनी लिहिलेलं नाही. माणूस गेला तर परत येतो, असं त्यांना वाटत असावं.

म्हणून साबिनो भरायचा. होड्या बांधणारा सुतार तो, आता चौऱ्याहत्तरचा, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. महिन्याच्या पहिल्या तारखेला, सुट्टी असो नसो, तो बंबखान्यात यायचा. टेबलाच्या अलीकडे, सभासद उभे राहतात तिथे उभा राहायचा. खिशातून पाच हजारांची नोट काढून टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "एलिसेओ बार्रिया." मग टेबलाला वळसा घालून पलीकडे जायचा, खुर्चीत बसायचा, चष्मा लावायचा, नोट उचलून उजेडात धरून बघायचा आणि पेटीत टाकायचा.

"नोट कशाला तपासतोस?" मी एकदा विचारलं. "तूच तर दिलीस."

"खजिनदाराने माणूस बघू नये, कोंपाद्रे," तो म्हणाला. "नोट बघावी."

पहिल्या शुक्रवारी सभा. चिटणीस म्हणून हजेरी मी घेतो. नावं पुकारत बार्रियांपाशी आलो की मी म्हणायचो, "एलिसेओ बार्रिया," आणि साबिनो उभा राहून म्हणायचा, "रजेवर." स्वतःच्या नावाला तो बसूनच हात वर करायचा. पोराच्या नावाला उभा राहायचा. त्या एका शब्दासाठी तो महिनाभर जगत होता हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. एलिसेओला मात्र ठाऊक नव्हतं, आणि त्याला कोणी सांगायचं नाही असं न ठरवताच ठरलेलं होतं.

हे असंच चाललं असतं. पण आठ डिसेंबरला निवडणूक आली.

आठ डिसेंबरला आम्ही पदाधिकारी निवडतो. थकबाकीदाराला उभं राहता येत नाही आणि मतही देता येत नाही, असा नियम आहे. तो आम्ही काटेकोर पाळतो: सात तारखेच्या संध्याकाळी सगळे जण उसनेपासने करून बाकी चुकती करतात आणि नऊ तारखेपासून पुन्हा थकवायला लागतात. या वर्षी देखरेखीला प्रांतातून अधीक्षक डॉन उल्दारिको आले. इस्त्रीचा गणवेश, बगलेत फाइल. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "ऑक्टोबरातलं परिपत्रक मिळालं ना?"

"मिळालं," मी म्हटलं.

"म्हणजे तीस नोव्हेंबरच्या आत सगळ्यांची बाकी चुकती झालेली आहे."

यास्ना यांकापान, आमची कॅप्टन, वय चौतीस, बापाची बेकरी चालवते आणि पहाटे तीनला उठून दिवसभर आमच्यासारख्यांना सहन करते, तिने माझ्याकडे पाहिलं.

"डॉन ओनोफ्रे, कुठलं परिपत्रक?"

आता आमच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली त्या आठवड्यात आलेला सगळ्यात जाड कागद घडी करून ठेवायचा, ही कंपनीची जुनी पद्धत. मी म्हटलं, "अधीक्षकसाहेब सध्या ज्यावर कोपर टेकून बसलेत, त्याच्या खाली."

अधीक्षकांनी वाकून परिपत्रक काढलं. टेबल कलंडलं. त्यांनी कागद वाचला, आमची वही वाचली, पुन्हा कागद वाचला.

"चोवीस सभासदांपैकी तीस नोव्हेंबरला तेवीस थकबाकीदार," ते म्हणाले. "खजिनदारसुद्धा. तीन महिने."

सगळ्यांनी साबिनोकडे पाहिलं. साबिनोने छताकडे पाहिलं. पेन्शनीत दोघांचं बसत नव्हतं, तेव्हा त्याने स्वतःचं थांबवलं होतं. त्याच्या नावाला काय, तो रोज इथे दिसत होताच.

"पात्र एकच," अधीक्षक म्हणाले. "बार्रिया, एलिसेओ. आलेत का?"

"रजेवर," साबिनो सवयीने उठून म्हणाला.

"पात्र मतदारही तेच एकटे. मत द्यायला ते नाहीत. पण उमेदवार एकच असला तर मतदान लागत नाही, बिनविरोध निवड होते. नियम स्पष्ट आहे." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "कॅप्टनपदी एलिसेओ बार्रिया. तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं. उत्तर आलं नाही तर नाव हजेरीपटावरून कमी होईल."

"आणि तोवर आग लागली तर?" यास्नाने विचारलं.

"तोवर तुम्ही हंगामी."

"म्हणजे आत्तापर्यंत होते तशीच."

"होय. पण आता कागदावर."

अधीक्षक गेले. जाताना त्यांना आम्ही कोकराच्या पुढच्या सोडतीची चार तिकिटं विकली.

बाकीच्यांना हसू आवरत नव्हतं. साबिनो तेवढा हसत नव्हता. तीस दिवसांत उत्तर नाही तर नाव जाणार, हे त्याने ऐकलं होतं. आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा गावाने त्याच्या पोराकडे काहीतरी मागितलं होतं, हेही ऐकलं होतं. मला म्हणाला, "कोंपाद्रे, कॅप्टनला गाव सोडून राहता येत नाही ना? बाविसावं कलम."

"नाही राहता येत."

"मग यावं लागेल त्याला," तो म्हणाला, आणि हे बोलून स्वतःच घाबरल्यासारखा पेटीचं कुलूप ओढून बघायला लागला.

रविवारी दुपारी बंबखान्यातूनच फोन लावला. यास्नाने तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. माते, म्हणजे आमचा कडू पानांचा चहा, भरलेला वाळक्या भोपळ्याचा पेला हातोहात फिरत होता. साबिनोपाशी आला की तो न पिताच पुढे देत होता.

"एलिसेओ? बाबा बोलतोय."

"काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. निवडणूक झाली."

"देशाची?"

"कंपनीची. तू कॅप्टन झालास."

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात, "बाबा, गोळ्या वेळेवर घेताय ना?"

"घेतोय रे. बिनविरोध झालास. अधीक्षक आले होते."

"पण मी अजून यादीत कसा?"

"रजेवर आहेस."

"सहा महिन्यांची होती ती रजा, बाबा."

"वाढवली."

"आणि वर्गणी?"

साबिनोने बंबाकडे पाहिलं, जसा काही बंब उत्तर देणार होता. "कंपनी बघते," तो म्हणाला.

यास्नाच्या घशात माते अडकलं. मग मला राहवलं नाही. मी पुढे वाकून म्हटलं, "एलिसेओ, मी पाद्रिनो. या कंपनीने आजवर कुणाचं काहीही बघितलेलं नाही. तुझा बाप भरतोय. पहिल्यापासून. आणि दर सभेत तुझ्या नावाला उभा राहून 'रजेवर' म्हणतो."

साबिनोने माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्ची मागे घेतली. फोनमध्ये एक लहान मूल काहीतरी विचारत होतं. एलिसेओने त्याला त्यांच्या भाषेत गप्प केलं. शब्द आम्हाला एकही कळला नाही, पण सूर हुबेहूब साबिनोचा होता, होडीत पाय ठेवू नको म्हणून पोरावर ओरडायचा तो. साबिनोनेही तो ओळखला असावा. त्याने फोन दोन्ही हातांनी धरला.

"तीस दिवस आहेत ना?" एलिसेओ म्हणाला. "कळवतो, बाबा."

फोन बंद झाला. साबिनो म्हणाला, "ऐकलंत? 'कळवतो' म्हणाला. 'नाही' नाही म्हणाला."

"डॉन साबिनो, 'येतो' पण नाही म्हणाला," यास्ना म्हणाली.

"पोरी, तुला कुठे बापाचा फोन येतो? तुझा बाप रोज तुझ्या डोक्यावर बसलेला असतो."

एकोणीस तारखेला बँकेतून यास्नाला निरोप आला. कंपनीच्या खात्यात नॉर्वेहून पंधरा लाख साठ हजार पेसो. खाली टीप: एकवीस वर्षं मागची, पाच वर्षं पुढची.

एवढे पैसे आमच्या खात्यात एकदम कधी आले नव्हते. यास्नाने त्याच दिवशी बंबाच्या ब्रेकचं काम सांगितलं. इतके दिवस आम्ही उतारावर आग लागू नये अशी प्रार्थना करत होतो. मागची रक्कम खरं म्हणजे साबिनोची होती. मी तसं म्हटलं तर तो म्हणाला, "मी कंपनीला दिलेले. कंपनीकडून परत घेऊ? मी काय पहिल्या कंपनीचा आहे?"

त्याचं लक्ष मागच्या एकवीस वर्षांवर नव्हतंच. ते पुढच्या पाचांवर होतं. बेकरीत पावाला गेलो तर तिथे हाच विषय. "पाच वर्षांचं आगाऊ कोण भरतं?" यास्नाचा बाप पीठ झटकत म्हणाला. "ज्याला यायचंय तो." दुसऱ्या दिवशी हेच वाक्य तीन जणांनी मला स्वतःचं म्हणून ऐकवलं. साबिनो दाखवायचा, की आपल्याला काही पडलेलं नाही. "बघू," म्हणायचा. पण गादीवाल्याकडून नवी दुहेरी गादी आली, हे गादीवाल्याने सांगितलं. आणि एलिसेओचा गणवेश, निळा कोट आणि पांढरी पँट, दोरीवर वाऱ्याला टाकलेला रस्त्यावरून सगळ्यांना दिसत होता.

शिंप्याने विचारलं, "माप?"

"तेवीस वर्षांच्या पोराचं आहे. वाढवायचं."

"किती?"

साबिनो विचारात पडला. शेवटी त्याने स्वतःच तो कोट चढवला, पोटावर उशी धरली आणि म्हणाला, "तिकडे लोणी पुष्कळ खातात. एवढं धर." शिंपी मला सांगत होता, की आरशात बघताना म्हातारा उशीवरून हात फिरवत होता, बराच वेळ.

नाताळला फोन झाला. मी विचारलं, काय बोललात? "थंडी फार आहे म्हणाला. मी म्हटलं इथे गरम होतंय." कॅप्टनपदाचं त्याने विचारलं नाही, पोराने काढलं नाही. दोघेही एकमेकांना जपून बोलले, नव्या पुलावरून पहिल्यांदा बंब नेतात तसे.

एक जानेवारीला माझी पाळी होती. गाव आदल्या रात्रीच्या पिस्कोच्या नशेतून उठायचं होतं. साबिनो आला, दाढी करून. टेबलाच्या अलीकडे येऊन उभा राहिला. हात खिशात गेला आणि तिथेच थांबला. भरायचं काही नव्हतंच. पाच वर्षं भरलेली होती.

मी वर्तमानपत्र वर धरलं. मला दिसत नाही असं त्याला वाटावं म्हणून.

थोड्या वेळाने त्याने नोट काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "साबिनो बार्रिया." वळसा घालून पलीकडे गेला, बसला, नोट न बघताच पेटीत टाकली. मग मला म्हणाला, "स्वतःचं भरण्यात काही मजा नाही, कोंपाद्रे."

"म्हणून तर आम्ही भरत नाही," मी म्हटलं. त्याला हसू आलं नाही.

सहा तारखेला, म्हणजे मुदतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारची सभा होती. दुपारीच चिटणीसाच्या नावाने ईमेल आलं होतं. यास्नाने ते छापून माझ्या हातात दिलं, उघडं, आणि म्हणाली, "मी वाचलेलं नाही." तिचे डोळे वाचल्यासारखे दिसत होते. मी म्हटलं मीही आधी वाचणार नाही. पत्र कंपनीला आहे, कंपनीसमोर वाचू. खरं म्हणजे साबिनोच्या आधी ते आपल्याला कळावं आणि मग तासभर त्याच्याकडे बघत बसावं लागावं, याची मला भीती वाटली.

तेवीसच्या तेवीस जण आले होते. हजेरी नेहमीसारखी आधी घेतली. एलिसेओच्या नावाला साबिनो उठला, पण 'रजेवर' म्हणायच्या आधी क्षणभर थांबला, कारण आता काय म्हणायचं ते त्याला ठरवता येईना. मग 'रजेवर'च म्हणाला. मी कागद उघडला.

"माननीय चिटणीस, दुसरी कंपनी," मी वाचायला लागलो. "पाद्रिनो, अशी पत्रं कशी लिहायची ते मी विसरलोय, चुकलं तर सांभाळून घ्या. कंपनीने दिलेला मान फार मोठा आहे. पण मला कॅप्टनपद घेता येत नाही. मुलांच्या शाळा आहेत, आणि माझं काम असं आहे की मी आठवडाभर नसलो तर मासे मरतात. यास्ना माझ्यापेक्षा चांगली कॅप्टन आहे, तिलाच ठेवा."

यास्नाने जमिनीकडे पाहिलं. मी साबिनोकडे पाहिलं नाही.

"माझं नाव मात्र यादीत असू द्या," मी पुढे वाचलं. "बाबा माझ्या नावाला उभे राहतात हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. आता शुक्रवारी तुमची सभा सुरू होते तेव्हा इथे बाराच्या पुढे गेलेलं असतं, सगळे झोपलेले असतात. सभेचा शुक्रवार नेमका कोणता ते आठवेना, म्हणून मागच्या महिनाभरात मी प्रत्येक शुक्रवारी जागा राहिलो. काही ऐकू येत नाही अर्थात. पण बसतो."

इथे मी थांबलो. चष्म्याला काहीतरी झालं होतं.

"नाव आहे ना यादीत?" साबिनोने विचारलं.

"आहे. पाच वर्षं तरी कुणाला हलवता येणार नाही."

"मग झालं तर," तो म्हणाला. खूप वेळ बोटाने टेबलाची कड घासत राहिला, लाकूड गुळगुळीत आहे का बघावं तसा. मागे कोणी तरी नाक शिंकरलं. "संपलं का पत्र?"

"एक ओळ आहे."

"वाच की मग. खजिनदाराला अर्धं पत्र चालत नाही."

मी वाचलं: "आणि बाबा, भरलेल्या पैशांची पावती, शिक्का मारून, जमलं तर पाठवाल का? इथे करात थोडी सूट मिळते म्हणतात."